न पडण्याचा करार

माझ्या बायकोच्या मावशीचे यजमान हे उत्तर अमेरिका खंडातले एकमेव गृहस्थ असावेत, ज्यांना हिवाळा संपला की उदास वाटतं. एप्रिल उजाडला की मिशिगनमधल्या आमच्या ॲन आर्बर गावातली माणसं घराबाहेर येऊन एकमेकांकडे बघून उगाचच हसू लागतात, विद्यार्थी अर्ध्या चड्ड्या घालून हिरवळीवर लोळतात, आणि नेमके त्याच दिवसांत आमचे हे काका खिडकीशी उभे राहून वितळणाऱ्या बर्फाकडे असे बघत, की जणू चार महिने राहिलेला आवडता पाहुणा बॅग भरून निघालाय. "संपलं," म्हणत. "आता सहा महिने नुसती सायकल चालवायची." नुसती म्हणजे कोरड्या रस्त्यावर. कोरड्या रस्त्यावर सायकल कोणीही चालवतं, त्यात माणसाचा कस कुठे लागतो, असा त्यांचा रोखठोक सवाल असे. आणि हा सवाल करणारा माणूस मूळचा सोलापूरचा! वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत त्यांच्या लेखी थंडी म्हणजे पंखा पाचावरून तीनवर आणणं.

काकांची सायकल म्हणजे आपली साधी सायकल नव्हे. तिला मोटर होती, पोटाशी चार किलोची बॅटरी होती आणि टायर इतके जाड होते, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी दोन अजगर गोल करून त्यावर खोगीर टाकलंय. त्या टायरांना बर्फ पकडायला बारीक पोलादी काटे होते. काका कोरड्या फरशीवरून सायकल हाताने ढकलत आले, की भरपूर शेंगदाणे घातलेला चिवडा कुणीतरी शेजारच्या खोलीत बसून खातंय असा आवाज यायचा. तो आवाज आला की माझी बायको चहाचं आधण चढवायची. हे वाहन त्यांनी निवृत्त झाल्यावर घेतलं. त्याआधी तेहतीस वर्षं त्यांनी इथल्या एका कारखान्यात मोटारींचे ब्रेक तयार करण्यात घालवली होती, आणि निवृत्तीच्या निरोप समारंभाहून घरी येताच त्यांनी जाहीर केलं होतं, की बर्फात मोटार चालवण्याइतका दुसरा मूर्खपणा नाही. "मी सगळं आतून बघितलंय, जावईबापू," ते मला म्हणत. "चार चाकं म्हणजे घसरायला चार जागा. माझ्याकडे दोनच. धोका सरळ निम्मा." यात काहीतरी चुकतंय हे मला दरवेळी जाणवायचं, पण नक्की काय ते सांगता यायचं नाही. मी इथल्या विद्यापीठात संशोधन करतो, हे इथे मुद्दाम नमूद करतो.

बर्फावर सायकल चालवण्याचं त्यांचं एक शास्त्र होतं, आणि ते ऐकायची तयारी असो वा नसो, ते समोरच्याला ऐकवत. टायरात हवा कमी हवी. ती मोजायची कशी, तर अंगठ्याने दाबून, पुरणाची कणीक तिंबल्यावर बघतात तशी. खोगीर खाली घ्यायचं, म्हणजे दोन्ही पाय पुरतात. वळताना अंग कलवायचं नाही, ताठ राहायचं, फोटोला बसल्यासारखं. मोटरचा जोर पहिल्या पायरीवरच ठेवायचा, बर्फाला घाई आवडत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, "बर्फावर ब्रेक ही विनंती समजायची, हुकूम नाही. विनंती मान्य होईल, न होईल. आपण सभ्यपणे करायची." एवढं ज्ञान मिळाल्यावर मीही एकदा त्या सायकलवर बसून पाहिलं. बसून पाहिलं हेसुद्धा थोडं वाढवून सांगतोय. मी एक पाय उचलला आणि आकाश दिसलं. काका वरून वाकून म्हणाले, "विनंती केलीत का?" मी म्हणालो, अजून ब्रेकपर्यंत पोचलोच नव्हतो. त्यानंतर त्यांनी मला शिष्य म्हणून कायमचं काढून टाकलं आणि श्रोता म्हणून ठेवलं.

त्यांचा पोशाख हा स्वतंत्र विषय आहे. एकावर एक सात थर, सगळ्यात वर सिग्नलच्या दिव्याच्या रंगाचं जाकीट, डोळ्यांवर बर्फावरून घसरणाऱ्या खेळाडूंचा चष्मा, आणि डोक्यावर या सगळ्या आधुनिक सरंजामाला न जुमानणारी, सोलापूरहून आलेली, तपकिरी माकडटोपी. हँडलच्या दोन्ही मुठींना त्यांनी जुन्या गोधडीचे तुकडे शिवून दोन मोठाल्या पिशव्या बांधल्या होत्या. हात त्यात कोपरापर्यंत घालून ते येत, तेव्हा ते सायकल चालवतायत की सायकलला बाळंतपणात मदत करतायत हे चटकन कळायचं नाही. कुणाच्या घरी गेले की हे थर उतरवायला त्यांना पाऊण तास लागे. यजमानीणबाई बिचारी चहाचा कप घेऊन उभी. पाचव्या थरापाशी चहा निवायचा, सातव्यापाशी दुसरा व्हायचा. निघतानाही तोच सोहळा उलट्या क्रमाने, आणि प्रत्येक थर चढवताना एक नवा विषय निघायचा, त्यामुळे चहापुरते आलेले काका पुष्कळ घरी जेवूनच बाहेर पडत.

पण खरा लाड होता तो बॅटरीचा. गारठ्यात बॅटरी लवकर बसते म्हणून काका कुणाहीकडे गेले, की तिला सायकलवरून सोडवून आत घेऊन येत. तिला त्यांनी जुन्या स्वेटरचं अंगडं घातलेलं, त्यावर एक मऊ दुपटं. एकदा एका सत्यनारायणाला ते असेच दुपट्यातला ऐवज छातीशी धरून आले आणि सोफ्यावर, हीटरच्या झरोक्याजवळ, दोन्ही बाजूंनी उशा लावून त्यांनी तो अलगद ठेवला. भारतातून मुलाकडे आलेल्या एक आजी कौतुकाने पुढे सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "किती महिन्यांचं?" काका म्हणाले, "चौदा. पण थंडीत दम धरत नाही हो." आजींनी हळहळून विचारलं, "आई कुठाय?" काका म्हणाले, "बाहेर उभी आहे बर्फात." आजी तडक खिडकीशी गेल्या आणि पूजा संपेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण काका त्या वेळी एकटे राहत होते. मावशी जाऊन तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. मावशी म्हणजे या गावातल्या मराठी माणसांचं माहेर. नवीन आलेल्या विद्यार्थ्याला ताप आला, की त्याला स्वतःला कळायच्या आत मावशींची खिचडी दारात. काका तेव्हा मोटार चालवत. मावशी घराघरांत जायच्या आणि काका बाहेर मोटारीत, इंजिन चालू ठेवून, बातम्या ऐकत बसायचे. इतक्या वर्षांत त्यांना गावातल्या प्रत्येक घरापुढचा ड्राइव्ह-वे पाठ होता, आतलं माणूस मात्र एकही माहीत नव्हतं. मावशी गेल्यावर दोन महिने ते कुणाकडे गेले नाहीत. मग पहिला बर्फ पडला, आणि एका दुपारी एका घराची बेल वाजली. दारात हे माकडटोपी घालून उभे. "मी बाहेर मोटारीत बसायचो तो," त्यांनी ओळख करून दिली. "आज मोटार आणली नाही, म्हणून आत येतो." मला हे त्या घरच्या काकूंनी सांगितलं. त्या दिवसापासून काकांच्या फेऱ्या सुरू झाल्या. जितका बर्फ जास्त, तितक्या फेऱ्या जास्त, कारण एरवी माणसं घरी सापडत नाहीत हा त्यांचा हिशोब.

त्यांची एकुलती एक मुलगी नेहा टेक्ससमध्ये, प्लेनोला असते. तिथे कुठल्याशा मोठ्या कंपनीच्या मोठ्या इमारतीत तिची मोठी नोकरी आहे आणि मोठ्या घरात बाबांसाठी एक खोली तयार ठेवलेली आहे. काकांचे हे उद्योग तिला बराच काळ माहीत नव्हते. मग हिमवादळात रिकाम्या रस्त्यावरून दुडुदुडु जाणाऱ्या या मूर्तीचं चित्रण कुणा विद्यार्थ्याने केलं आणि ते फिरत फिरत प्लेनोला पोचलं. गेल्याच्या आधीच्या वर्षी दिवाळीच्या दिवशी आम्ही फराळाला काकांकडे गेलो असताना तिचा फोन आला.

"बाबा, धिस इज नॉट फनी. यू आर सेव्हंटी-वन! हिप फ्रॅक्चर झालं तर?"

"झालं तर तुला कळवीन."

"मी सीरियसली बोलतेय. प्लीज, इकडे या ना. इथे स्नोच नाही."

"तेच म्हणतोय मी. तिथे येऊन करू काय?"

असं बराच वेळ चाललं. शेवटी दोघांत करार ठरला. रस्त्याकडेचा शेवटचा बर्फाचा ढीग वितळेपर्यंत काका एकदाही पडले नाहीत, तर नेहाने प्लेनोचं नाव पुन्हा काढायचं नाही. एकदा जरी पडले, तरी घर विकून, वाद न घालता, प्लेनो. आणि काका पडले की नाही हे दर रविवारी नेहाला लेखी कळवणारा पंच म्हणून, लाडवाने तोंड भरलेलं असल्यामुळे नाही म्हणू न शकलेल्या माझी नेमणूक झाली.

काका इंजिनीअर. व्याख्या केल्याशिवाय ते कशावरही सही करत नाहीत. पडणं म्हणजे पार्श्वभाग जमिनीला टेकणं, असं त्यांनी कागदावर लिहून काढलं. एक पाय टेकला तर ते थांबणं. दोन्ही टेकले तर उभं राहणं. गुडघा टेकला तर अर्धं पडणं, मात्र दोन अर्ध्यांचं एक पूर्ण धरलं जाणार नाही. "का नाही?" नेहा फोनवरून ओरडली. "टू हाव्ज मेक अ होल!" शेवटी, दोन्ही अर्धी एकाच दिवशी पडली तर धरावीत, अशी तडजोड झाली. माझी बायको चकली खात म्हणाली, की लग्नाच्या वेळीसुद्धा आपल्या घराण्यात एवढी बोलणी झाली नव्हती.

त्यानंतर सगळा नोव्हेंबर आणि डिसेंबर मी इमानेइतबारे अहवाल पाठवत राहिलो. पाठवण्याआधी काका ते तपासत. मी लिहिलं होतं, 'काका या आठवड्यात पडले नाहीत.' ते म्हणाले, "अजिबात घाला. अजिबात पडले नाहीत. नाहीतर तिला वाटेल, थोडेसे पडले." एकदाच प्रसंग बाका आला. भर चौकात सायकल घसरली आणि काकांनी प्रसंगावधान राखून दिव्याच्या खांबाला मिठी मारली. सायकल पुढे जाऊन एका ढिगात शिरली, काका खांबालाच. पाय खाली टेकले की घसरत होते, म्हणून ते मिठी सोडीनात. आजूबाजूचे विद्यार्थी धावले, तर काका त्यांना खणखणीत आवाजात म्हणाले, "आय हॅव नॉट फॉलन! प्लीज नोट द टाइम!" एका मुलीने खरोखर वेळ लिहून दिली, सहीसकट. तो कागद काकांनी मला आणून दिला आणि मी तो अहवालाला जोडला.

आणि मग संक्रांत आली. इथे मला दह्याच्या डब्यांबद्दल थोडं सांगायला हवं. अमेरिकेतल्या कुठल्याही मराठी घरात दह्याचा रिकामा प्लास्टिकचा डबा टाकून देत नाहीत. त्यामुळे त्या डब्यावर काय लिहिलंय आणि आत काय आहे याचा काडीचा संबंध नसतो. आमच्याकडेच फ्रिजमध्ये असे सहा डबे आहेत आणि एकातही दही नाही. काकांच्या घरी तर मावशींनी तीस वर्षांचे जमवलेले. त्यातल्याच एका डब्यात काका रस्त्यावर टाकायचं जाडं मीठ भरून हँडलच्या टोपलीत ठेवत. वाटेत कुठे निसरडं लागलं, की मूठभर मीठ फेकायचं, बर्फ विरघळेपर्यंत घड्याळ बघत थांबायचं, मग पुढे जायचं. आणि तशाच दुसऱ्या डब्यात, कपाटात अगदी वर, मावशींच्या हातचा हलवा होता.

मावशी दर जानेवारीत गॅरेजमध्ये बसून हलवा करायच्या. हलव्याला काटा यायला कोरडी थंडी लागते आणि तेवढी एक गोष्ट मिशिगनमध्ये मुबलक मिळते. चार दिवस त्या शेगडीपुढे परात घेऊन बसायच्या, तिळावर पाकाचे थेंब सोडत आणि बोटांनी हलवत. काका मधूनमधून दार उघडून विचारायचे, 'झालं का?' मावशींनी शेवटी केलेल्या हलव्यातला एक डबा उरला होता. त्या गेल्यानंतरच्या वर्षी घरात सण झालाच नाही. त्या संक्रांतीला काका म्हणाले, "वाटून टाकतो. वाटण्यासाठीच केला होता तिनं." सकाळी बसून त्यांनी डब्यातून चिमूट चिमूट घेऊन कागदाच्या पुड्या बांधल्या, दोन्ही डबे टोपलीत ठेवले आणि निघाले. मावशी दरवर्षी जायच्या त्या दहा घरी जाऊन ते शेवटी आमच्याकडे येणार होते.

आमच्या ड्राइव्ह-वेवर आदल्या दिवशीचा बर्फ तसाच होता. तो उपसायचं काम माझं, आणि जे वरून आपोआप आलं ते आपोआप जाईल, असं माझं तत्त्व. रात्रभरात त्याची काच झाली होती. मी खिडकीत चहा घेऊन उभा असताना काका वळणावर दिसले. त्यांनी बर्फ ओळखला, ब्रेकला विनंती केली, ती मान्य झाली. टोपलीतून डबा काढून, तो रिकामा होईपर्यंत, त्यांनी रांगोळी घालावी तसं दूरवर नीट मीठ पेरलं. घड्याळ बघत दोन मिनिटं थांबले. माझ्याकडे बघून हात केला. मग मोटर पहिल्या पायरीवर ठेवून, फोटोला बसल्यासारखे ताठ, पुढे आले. पुढचं चाक उजवीकडे गेलं, मागचं डावीकडे, आणि काका मधल्यामध्ये, अगदी सावकाश, कुणीतरी बसायला पाट मांडलाय अशा बेताने खाली बसले. पार्श्वभाग. संपूर्ण. व्याख्येत एक अक्षरही इकडेतिकडे करायला जागा नव्हती.

आम्ही दोघं धावत बाहेर गेलो. लागलं नव्हतं. सात थर होते. काका बसल्या जागी बसून रागारागाने समोर बघत होते. "हे मीठ विरघळत का नाही?" म्हणाले. एक दाणा उचलून त्यांनी चष्म्यासमोर धरला, मग जिभेवर ठेवला. मग दुसरा उचलून तोही चाखला.

"गोड आहे," ते म्हणाले.

माझी बायको मटकन त्यांच्याशेजारी बसली. "काका, मावशीचा हलवा?"

काकांनी मान हलवली. आणि मग तिघांच्याही डोक्यात एकदमच पुढचा प्रकाश पडला. इथे जर हलवा पेरलाय, तर दहा घरी, 'तिळगूळ घ्या, गोड बोला' म्हणत, काकांनी हातावर ठेवलं ते काय? त्याचं उत्तर तेवढ्यात त्यांच्या खिशातल्या फोननेच दिलं. एकामागून एक संदेश यायला लागले. एका काकूंनी सौम्यपणे कळवलं होतं, यंदाचा हलवा जरा वेगळा लागला. दुसऱ्या घरून, "काका, हा शुगर-फ्री आहे का?" एका विद्यार्थ्याने लिहिलं होतं, की जिभेला लावून बघितला, इलेक्ट्रोलाइटसारखा लागतोय, थँक यू यार काका. मला हसू आवरेना. काकाही हसायला लागले. बर्फात बसून आम्ही तिघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो, आणि मग माझ्या लक्षात आलं, की काकांचं हसू थांबलंय आणि ते ड्राइव्ह-वेवर काहीतरी शोधतायत.

आत आणून त्यांना खुर्चीवर बसवलं, खाली गोठवलेल्या मटारची पिशवी दिली. मी तोवर पक्का निर्णय घेऊन टाकला होता. हे पडणं नाहीच. बर्फावरून पडले असते तर पडले. हलव्यावरून पडले, त्याचा करारात उल्लेख नाही. शिवाय बर्फ न उपसल्याचा दोष माझा, आणि आपल्या चुकीमुळे घडलेल्या गोष्टीचा निकाल पंच कसा देणार? बायकोला हे इतकं पटलं, की तिने मला आमच्या लग्नानंतर प्रथमच हुशार म्हटलं. रविवारचा अहवाल मी मनातल्या मनात लिहूनही टाकला. तेवढ्यात नेहाचा फोन आला, संक्रांतीच्या शुभेच्छा द्यायला. फोन स्पीकरवर टाकून टेबलावरच ठेवला होता, त्यामुळे आम्हालाही सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, तिळगूळ घ्या, गोड बोला! वाटलात ना आईचा हलवा? माझ्यासाठी थोडासा ठेवलाय ना? पाठवा ना प्लीज. मी खाणार नाही, नुसता ठेवून देईन."

काका खिडकीबाहेर बघत होते. मी त्यांना हाताने खुणा करत होतो, की काहीही बोलू नका, मी बघतो.

"नेहा," ते म्हणाले, "मी पडलो."

तिने विचारलंसुद्धा नव्हतं.

 ती एवढंच म्हणाली, "लागलं का?" काका म्हणाले, "नाही गं. हलवा सांडला सगळा." फोन ठेवून आम्ही बाहेर गेलो. पांढऱ्यावर पांढरं शोधायचं म्हणजे काय असतं ते मला त्या दुपारी कळलं. आम्ही तिघंही हातापायांवर होतो, बायकोने पिठाची चाळणी आणली होती. तासाभराने एका वाटीचा तळ झाकेल एवढे दाणे मिळाले. दुसरा कुणी असता तर त्याने मला ड्राइव्ह-वेवरून चार शब्द सुनावले असते. काका मात्र म्हणाले, "जावईबापू, तुमची चाळणी चांगली आहे." त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्याच आठवड्यात नेहा आली. प्लेनोत ज्याला जाकीट म्हणतात तसलं काहीतरी अंगात घालून, दात वाजवत. काकांनी तिला वाटी दिली. तिने ती दोन्ही हातांत घेतली, आणि बाबांना ओरडायचं म्हणून विमानात जे काही तयार करून आणलं असेल ते सगळं तिथेच राहिलं. दुसऱ्या दिवशी काका दहाही घरी मिठाबद्दल माफी मागायला निघाले. नेहा म्हणाली, "मी ड्राइव्ह करते ना, बाबा." काका म्हणाले, "माफी मागायला मोटारीतून जात नाहीत." एकटं तर ती जाऊ देईना. तेव्हा काकांनी तिच्या अंगावर आपले तीन थर चढवले, मागच्या कॅरिअरवर उशी बांधली आणि बापलेक निघाले. आमच्या दारावरून जाताना मी त्यांना खिडकीतून बघितलं. दोघांचं मिळून ते एकच नारिंगी गाठोडं दिसत होतं.

संध्याकाळी परतताना आमच्याकडे आल्यावर नेहा स्वयंपाकघरात माझ्या बायकोजवळ येऊन उभी राहिली. प्रत्येक घरी लोकांनी तिला बसवून घेतलं होतं, आईच्या गोष्टी सांगितल्या होत्या, आणि काकांच्या तर त्याहून जास्त. एका घरी दाराशी बाबांच्या ओल्या बुटांसाठी ठेवलेला एक वेगळा ट्रे तिने बघितला. "आय हॅड नो आयडिया," ती म्हणाली. "मला वाटायचं, बाबा इथे लोनली आहेत." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, तो करार कॅन्सल करा. राहू देत त्यांना इथे. मी नाही नेणार." मला एवढा आनंद झाला, की मी तो सांगायला तसाच गॅरेजमध्ये गेलो. काका चाकाचा बर्फ काढत होते.

"काका, जिंकलात! करार रद्द."

त्यांनी मान वर केली नाही. काट्यांत अडकलेला बर्फ ते एका जुन्या टूथब्रशने हळूहळू काढत राहिले.

"ती अख्खा वेळ मागून मस्त, मस्त म्हणत होती," ते म्हणाले. "पण माझा कोट दोन्ही मुठींनी धरला होता. प्रत्येक वळणाला तिचा श्वास थांबायचा. मला पाठीला कळत होतं." मग ब्रश खाली ठेवून म्हणाले, "पंचसाहेब, मी सगळ्या हिवाळ्यात एकदाच पडलो. ही तिथे बसून मला रोज पडताना बघत होती. तुम्ही दर रविवारी लिहून पाठवलंत, तरी."

मी म्हणालो, ती स्वतः नको म्हणतेय. ते म्हणाले, "ती म्हणणारच. तिची आईसुद्धा असंच नको नको म्हणायची, आणि मी ते खरं मानायचो."

मार्चमध्ये घर गेलं. सायकल त्यांनी त्या इलेक्ट्रोलाइटवाल्या विद्यार्थ्याला दिली, बॅटरीच्या अंगड्या-दुपट्यासकट, आणि आठ पानी सूचना लिहून दिल्या. विमानतळावर मी त्यांना मोटारीतून सोडायला गेलो, तेव्हा वाटेत चार वेळा त्यांनी मला ब्रेक कसा लावावा ते सांगितलं. रस्ता पूर्ण कोरडा होता. निरोप घेताना मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पाठीवर थाप मारली आणि आत गेले. घरी येईपर्यंत मी रेडिओ लावला नाही.

आता जानेवारी आहे. काका रोज सकाळी आठच्या ठोक्याला प्लेनोहून फोन करतात. तब्येत, हवापाणी, नेहा, कशाचीही चौकशी नाही. "आज किती?" एवढंच. मी तापमान सांगतो. सुरुवातीला खरं सांगत होतो. पण यंदा हिवाळा असा काही मिळमिळीत आहे, की खरं सांगितल्यावर पलीकडून येणारा 'असं होय' मला ऐकवत नाही. म्हणून मी हल्ली दोन अंश कमी करून सांगतो. कधी पाच. पंच म्हणून जो प्रामाणिकपणा मी जपला होता, तो असा रोज सकाळी आठ वाजता खर्च होतो, आणि मला त्याचं काही वाटत नाही. हा माणूस मला इतका हवाहवासा आहे, हे तो इथे होता तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आजही फोन आला. मी म्हणालो, "उणे वीस, काका."

 पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला. "अहाहा," काका म्हणाले. "रस्ता कसला करकरीत झाला असेल."

"झालाय," मी म्हणालो.

"जपून जा हो."

"हो, काका."

मी फोन ठेवला. खिडकीबाहेर पहाटेपासून पाऊस लागला होता आणि रस्त्यावर बर्फाचा कणही नव्हता.